मावशी, ते उंदराचं औषध नव्हतं

ती. मावशीस,


पत्र मिळालं. गुडघा बरा आहे, शेवगा लगडलाय, मागच्या दाराची कडी एकदाची दुरुस्त झाली, सगळं वाचलं. पण तुझं खरं पत्र शेवटच्या चार ओळींत असतं, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. बंबापाशी एक तांबूस पिल्लू येऊन बसतं. तू त्याला पायरीवर दूधभात घालतेस. ते तुझ्या पायांत घोटाळत आत यायला बघतं आणि तू दार लोटून घेतेस. का, तर आपल्या घराला मांजर लाभत नाही, उगाच जीव कशाला लावा!

मावशी, हे तू लिहावंस? आजीच्या वेळी त्याच घरात मांजरांच्या पिढ्यान्‌पिढ्या वाढल्या. भाताच्या कणगीमागे पिल्लं, फडताळात पिल्लं, तुझ्या शाळेच्या पिशवीतसुद्धा पिल्लं. एक बोकी म्हणे आजीच्या हाताखाली म्हातारी होऊन गेली, हे तूच मला रंगवून सांगायचीस. मग एक चिंगी गेली आणि घराची पत्रिकाच बदलली? फोनवर हा विषय काढला की तू लगेच आमसुलांचं काय करायचं ते विचारतेस. म्हणून लिहिते आहे. पत्र तू अर्ध्यावर ठेवणार नाहीस.

चिंगीला काय झालं होतं ते मला आता कळलं आहे. आणि ते तुला कळायलाच हवं, कारण त्यापायी तू एका माणसाशी बोलणंही टाकलं आहेस.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे मांजर आलं, ते तुला कळवलं होतं. त्याला घेऊन पहिल्यांदा इथल्या पशुवैद्यांकडे गेले तेव्हा त्यांनी लसीच्याही आधी विचारलं, ‘घरात लिलीची फुलं आणता का? कोणी बुके देतं का?’ का विचारताय म्हटल्यावर त्यांनी जे सांगितलं, ते ऐकता ऐकता मला तुझं माजघर दिसायला लागलं. घरी आल्यावर आधी अल्बम काढला. शाळेतल्या तुझ्या निरोप समारंभाचे फोटो नव्हेत. संध्याकाळी घरी काढलेला, तू आजीच्या पितळी कळशीपाशी उभी आहेस तो. तुझे पुण्यात स्थायिक झालेले विद्यार्थी गाडी करून आले होते आणि एवढा मोठा बुके घेऊन आले होते. तू किती हरखली होतीस! सेलोफेन अलगद सोडवलंस, फितीची गुंडाळी करून ठेवलीस, कळशीत पाणी घालून फुलं मांडलीस. गुलाबी, कडांना पांढरी, पाकळ्यांवर गडद ठिपके. मधून बाहेर आलेले सहा लांब केसर आणि त्यांच्या टोकांना आडवे लोंबणारे परागकोश, विटकरी परागांनी माखलेले. तुझ्या पदराला त्याचा डाग पडला होता. लिंबू लावलंस, डिंकही लावून पाहिलास, जाता जाईना. तसाच डाग चिंगीच्या पांढऱ्याशुभ्र छातीवर होता. तू म्हणालीस, कुंकवाच्या करंड्यात लोळून आली वाटतं. रात्री ती कोनाड्यात बसून छाती चाटत होती आणि सकाळी डाग गेला होता.

तेवढ्यानं होतं, मावशी. अंगावर सांडलेले पराग चाटले तेवढ्यानं.

लिलीचं पान, पाकळी, देठ, पराग, ज्या पाण्यात ती फुलं ठेवतात ते पाणी, सगळंच मांजराच्या मूत्रपिंडांना घातक. कुत्र्यानं खाल्लं तर त्याचं पोट बिघडतं, त्यापलीकडे फारसं काही होत नाही. मूत्रपिंडं जातात ती मांजराचीच. नेमकं कोणतं द्रव्य हे करतं, ते शास्त्रज्ञांना आजवर सापडलेलं नाही. पण घडतं ते ठरल्यासारखं. पहिल्या काही तासांत उलट्या, लाळ, मलूलपणा. मग उलट्या थांबतात आणि घरच्यांना वाटतं, निभावलं. तोवर मूत्रपिंडांच्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरायला लागलेल्या असतात. साधारण १२ ते २४ तासांत मांजर खूप मुततं, अंगातलं पाणी जातं, तहान तहान करतं. पुढे लघवी कमी होत होत बंदच पडते. उपचार मिळाले नाहीत तर ३ ते ७ दिवसांत सगळं संपतं.

आता आठव. चुलीमागे ती दोनदा ओकली, तू राख टाकून पुसून घेतलंस. दुसऱ्या दिवशी दुपारी जरा बरी वाटली म्हणून आपण किती खूश झालो होतो. आणि मग ती मोरीत घंगाळाच्या काठावर मान टाकून बसली. पाण्यापाशीच बसायची, आणि शेवटी शेवटी पाण्याला तोंडही लावत नव्हती. तू तिला मांडीवर घेऊन रात्रभर बसली होतीस. तिच्या तोंडाला कसलासा वास येतोय असं तू म्हणालीस, ते तेव्हा कोणाच्याच लक्षात आलं नाही. मूत्रपिंडं बंद पडली की येतो तसा वास.

ज्या डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले पोटात विष गेलंय, औषध घातलेला उंदीर खाल्ला असेल. आणि पलीकडच्या काकूंनी त्याच आठवड्यात भाताच्या खोलीत औषध ठेवलं होतं. झालं! तू कधी भांडली नाहीस, मला माहीत आहे. भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती बोलायची थांबलीस. त्यांच्याकडचं हळदीकुंकू गेलं, चतुर्थीचे मोदक इकडून तिकडे जायचे ते गेले, कुंपणातली ती ये-जा करायची फट तू करवंदीच्या फांद्या घालून बुजवलीस. काकूंनी मला एकदा एस.टी. स्टँडवर थांबवून विचारलं होतं, ‘तुझ्या मावशीचं काय बिनसलंय गं आमच्यावर?’ त्यांना कारणसुद्धा माहीत नाही, मावशी.

उंदराचं औषध असं मारत नाही. काळी पूड मिळते ती झिंक फॉस्फाइडची, ती पोटात गेली की काही तासांतच जीव कासावीस होतो, असं तीन-तीन दिवस चालत नाही. दुसऱ्या मिळतात त्या वड्या, रक्त गोठू न देणाऱ्या. त्यांचा परिणाम दिसायला काही दिवस जातात आणि मग हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं, धाप लागते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. चिंगीच्या बाबतीत यातलं काही तरी होतं का? मी तिच्या हिरड्या पाहिल्या होत्या, तूही पाहिल्या होत्यास. रक्ताचा ठिपका नव्हता कुठे. तहान, मग कोरडेपणा, मग बंद पडलेली लघवी, एवढंच होतं. हे लिलीचं आहे. मी इथल्या डॉक्टरांना सगळं सविस्तर सांगितलं. इतक्या वर्षांनी, न पाहिलेल्या जनावराबद्दल खात्रीचं निदान कोणी करत नसतं, पण फोटोतली फुलं पाहून ते म्हणाले, दुसरं काही शोधायची गरज वाटत नाही.

ज्यांनी ती फुलं आणली त्यांच्याबद्दल मनात काही आणू नकोस. आणि स्वतःबद्दल तर मुळीच नको. मांजर आणि लिली यांचं हे नातं खुद्द अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या नीट लक्षात आलं ते १९९० नंतर, आणि तिकडे तर ईस्टरला घरोघरी लिलीच्या कुंड्या असतात. तुला कुठून ठाऊक असणार? हे थंड हवेतलं फूल, आपल्याकडे पॉलीहाउसमध्ये वाढतं आणि बुकेतून फिरतं. तुझ्या परसातलं एकेक विषारी झाड तू नावानिशी ओळखतेस. जे आलं ते सेलोफेनमध्ये गुंडाळून पुढच्या दारानं आलं.

मला झाडं तू शिकवलीस, हे मी वर्गात मुलांना नेहमी सांगते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाआधी माझ्याकडे तुझं परसू होतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. एरंडाची बी तोंडात घालायची नाही. गुंजा खेळायला घ्यायच्या, पण दाताखाली नाही. कण्हेरीच्या काडीनं काही ढवळायचं नाही. आणि अळू! अळू चिरताना हाताला तेल लावायला लावायचीस, फदफद्यात चिंच घातल्याशिवाय पातेलं उतरवू द्यायची नाहीस. एकदा चिंच कमी पडली आणि पंगतीतला प्रत्येक जण घसा खाकरत होता, आठवतं? पुढे कॉलेजात अळूच्या देठाचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा पेशीत सुयांची जुडीच्या जुडी दिसली. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक, दोन्ही टोकांना अणकुचीदार. पेशी चिरडली की त्या सुया सुटतात आणि जिभेत, घशात रुततात. मी तिथेच बसून तुला पत्र लिहिलं होतं.

त्या सुया पडवीतल्या मनीप्लँटमध्येही आहेत. डिफेनबेकियात आहेत, मॉन्स्टेरात, फिलोडेंड्रॉनमध्ये, सिंगोनियममध्ये, पीस लिलीतही. सगळी अळूचीच भावंडं. मांजरानं पान चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, पंजानं तोंड घासत राहतं, कधी ओकतं. बिचारं घाबरतं, घरचे त्याहून घाबरतात. पण चावताक्षणी टोचत असल्यामुळे फारसं पोटात जात नाही आणि सहसा जिवावर बेतत नाही. तोंड पाण्यानं धुवायचं, गार दह्याचं बोट चाटवायचं, घशाला सूज येऊन श्वास अडतोय असं वाटलं तर मात्र डॉक्टर गाठायचा. नावात लिली असूनही पीस लिली या गटातली, तिनं मूत्रपिंडं जात नाहीत. उलट जी लिली जीव घेते ती तोंडाला काहीच करत नाही, म्हणून मांजर ती निवांत खातं.

मुक्या जनावराला विष कळतं, असं तू नेहमी म्हणतेस. गाईच्या बाबतीत काही अंशी खरं असेल. तिच्या असंख्य पिढ्या पाला खाण्यात गेल्या. मांजराच्या गेल्या मांस खाण्यात. माणसाच्या यकृतात काही द्रव्यांना ग्लुकुरॉनिक आम्ल जोडून ती मूत्रावाटे बाहेर काढायची सोय असते. त्या सोयीचं एक महत्त्वाचं जनुक मांजरकुळात मोडून निकामी झालेलं आहे, वाघसिंहांतसुद्धा. पाला खायचाच नाही तर पाल्यातली विषं निभावायची तयारी कशाला टिकेल? म्हणून तर तुझ्या गुडघ्यासाठी आणलेली पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ती डबी आता फळीवर उघडी ठेवू नकोस, हेही याच पत्रात सांगून ठेवते. कांदा-लसूण घातलेलं कालवणही त्याला नको, शिजवलेलं असलं तरी नको. त्यानं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आणि तरी मांजर हिरवं खातंच. गणपतीत दूर्वांची जुडी ताटात ठेवली की चिंगी कुठूनशी यायची आणि शेंडे कुरतडायची. तू ओरडायचीस, ‘अगं, देवाच्या आधी?’ आणि मग तिच्यासाठी वेगळ्या चार काड्या काढून ठेवायचीस. गवत खाणं हा काही आजार नाही, धडधाकट मांजरंही खातात. दूर्वा खाऊन तिला कधी काही झालं नाही. पण त्याच ताटात दुसरं काय असायचं ते आठव. पत्री. धोत्र्याचं पान, रुईचं पान, कण्हेरीचं पान, एकाच जुडीत दूर्वांना चिकटून. आपण ती देवासमोर पाटाखाली ठेवत होतो, चिंगीच्या तोंडाशी. कण्हेरीत हृदयाचे ठोके बिघडवणारी द्रव्यं असतात, रुईतही त्याच जातीची. तिनं ती पानं कधी चावली नाहीत. कडू लागली असतील. पण दुधाचे दात पडून नवे येत असलेलं पिल्लू जे दिसेल ते चावतं. तेव्हा या वर्षी पत्री वरच्या फळीवर आणि पिल्लाला दूर्वा वेगळ्या, एवढं केलंस तरी पुरे. पूजा तशीच होऊ दे.

तुझं परसू मी डोळे मिटूनही फिरू शकते, म्हणून इथून सांगते. विहिरीकडची कण्हेर आणि फाटकातली बिट्टी तोडू नकोस, दोन्ही आजीनं लावलेल्या आहेत. फक्त छाटणीच्या फांद्या अंगणात पडू देऊ नकोस आणि कण्हेरीची फुलं घरात पाण्यात घालून ठेवू नकोस. पावसाळ्यात गडग्यावर कळलावी चढते, लाल-पिवळी. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं, माणसालाही तितकंच वाईट, पण ती बाहेर गडग्यावर आहे. तिला तिथेच राहू दे. पानफुटी आणि न्हाणीघराच्या खिडकीतली ती बारीक लाल फुलांची, नर्सरीतून आणलेली कलांचो, या दोघी बहिणी हृदयावर जातात. त्या टांगून ठेव. ॲडेनियमही त्याच वाटेनं जातं. कोरफडीनं जुलाब-उलट्या होतात, शेवंतीनंही पोट बिघडतं, त्यांचं फार मनावर घेऊ नकोस. मला खरी धास्ती आहे ती पडवीतल्या सायकसची. पामसारखा दिसतो म्हणून कौतुकानं आणलेला. त्याची पानं, बुंधा, सगळं विषारी आणि बिया सगळ्यांत वाईट. यकृत जातं. पिल्लू त्या काटेरी पानांशी खेळत बसेल. ती कुंडी घरापाशी नको.

बाजारात हारासाठी पांढऱ्या लांब कळ्यांची लिली मिळते ना, पेंढीवर विकतात ती? तिच्याबद्दल विचारशील म्हणून आधीच लिहिते. ती वेगळी, स्पायडर लिलीची कळी, निशिगंधासारखी ओवतात. तिनं चिंगीसारखं मूत्रपिंडांचं होत नाही. पण तिच्यात लायकोरीन असतं, त्यानं भडाभडा ओकाऱ्या होतात आणि कंद खाल्ला तर जास्त. हार खुंटीला उंच लाव. पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणात उमलणारी गुलाबी रेन लिली आणि मे महिन्यात येणारा तो लाल चेंडू, दोघेही याच घराण्यातले.

इतकं वाचून तुला वाटेल की मांजराला घर कुठे उरलं? उरलं, सगळं उरलं. जास्वंद, गुलाब, मोगरा, तुळस, नेचे, अरेका पाम, जरबेरा, सगळं बिनघोर. आणि नवरात्रात तू घटाखाली टोपलीत गहू रुजवतेस तसे एका पसरट कुंडीत पेर, वर्षभर पेरत राहा. आठ-दहा दिवसांत हिरवा कोवळा गव्हांकुर येतो. तो मिळाला की मांजर बाकीच्या कुंड्यांकडे कमी वळतं. माझं तर सकाळी उठल्यावर आधी तिथेच जाऊन उभं राहतं.

एक गोष्ट मात्र पाठ करून ठेव, आणि शाळेतल्या मुलांना सांगायचीस तशी आळीत चार जणांना सांग. बुके आला आणि त्यात लिली दिसली, तर ती घरात घ्यायचीच नाही. तिचे पराग काढून टाकले की झालं, असं कोणी सांगेल. नाही झालं. पाकळी आहे, पान आहे, पाणी आहे. आणि कुठल्या मांजरानं तोंड लावलं किंवा अंगाला पराग लागले, तर उलटी व्हायची वाट बघायची नाही. अंगावरचे पराग ओल्या फडक्यानं पुसून काढायचे, चाटू द्यायचे नाहीत. मीठपाणी पाजायचं नाही, तूप-दूध पाजायचं नाही, घशात बोटं घालायची नाहीत. उलटी काढायची तर डॉक्टरच औषध देऊन काढतील. फुलाचा तुकडा पिशवीत घालून बरोबर न्यायचा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, लिली आहे, मूत्रपिंडांचं बघा. रक्तात क्रिएटिनिन तपासतात आणि शिरेतून सलाइन सुरू करतात, ती दोन-तीन दिवस अखंड चालवावी लागते. १८ तासांच्या आत सुरू झाली तर बहुतेक मांजरं वाचतात. लघवी बंद पडल्यावर मग फारसं हातात राहत नाही. रात्र असली तरी निघायचं, सकाळची गाडी बघायची नाही.

चिंगीच्या वेळी हे आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर तू रात्री चालत डॉक्टरांपर्यंत गेली असतीस, हे मला माहीत आहे. आजारी वासरासाठी गेलीच होतीस की एकदा, कंदील घेऊन, भर पावसात. घराला लाभत नाही म्हणून दार लोटून घेणारी तू नव्हेस, मावशी. आणि मला सगळ्यात जास्त राग त्याच वाक्याचा येतो. त्यात चिंगीचं मरण कोणाचंच राहत नाही, नुसतं नशिबाचं होऊन बसतं. तिला एका फुलाच्या परागांनी मारलं. ते फूल कुठलं ते आपल्याला कळलं आहे आणि ते घरात येऊ द्यायचं नाही एवढं आपल्या हातात आहे. मग त्या तांबूस पोराचा काय दोष?

दूधभातातलं दूध हळूहळू बंद कर, मोठं व्हायला लागलं की त्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात. उकडलेलं बिनमसाल्याचं कोंबडीचं मांस किंवा काटे काढलेला बांगडा दे. तू स्वतः खात नसलीस तरी आजीच्या वेळी मांजरांसाठी वेगळं मडकं होतंच.

मी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीनं येते. येताना मांजर न्यायची पेटी आणते, म्हणजे सोमवारी त्याला लस टोचून घेऊ. रविवारी आपण दोघी पलीकडे काकूंकडे जाऊ. तुला आधी काय बोलावं सुचणार नाही, तर मी सुरुवात करीन. फोटोही घेऊन येते, त्यांना दाखवायला. जाताना खरवस नेऊ, त्यांना आवडतो. करवंदीच्या फांद्या मी काढीन, काटे आहेत, तू हात लावू नकोस.

तोवर सायकसची कुंडी तेवढी गड्याला सांगून पडवीतून हलव. जड आहे, गुडघा सांभाळ, स्वतः ओढत बसू नकोस. आणि संध्याकाळी पिल्लू आलं तर दार उघडंच ठेव.

तुझी,
सुमी